कुंभारटेकाखालची खापरं

“हा सगळा शहराचा कचराच ना, केरबा?” नगररचना खात्याच्या सामंतसाहेबांनी बुटाच्या टोकानं टेकाच्या उतारावरची खापरं उकरत विचारलं, आणि माझ्या बापानं मान डोलावली.

“व्हय साहेब. म्युन्शिपाल्टीच्या गाड्या टाकायच्या हितं. लई जुनी गोष्ट.”

“म्हणजे तुमच्या आव्यातलं यात काही नाही?”

“आमच्या?” आप्पा हसले. “आमच्या आव्यात मडकं फुटत न्हाई साहेब. इचारा की जेठाशेटला.”

जेठाशेट आमच्या टेकावरची मडकी घाऊक उचलायचा. तो तिथंच पान चघळत उभा होता. त्याच्या शेजारी खालच्या आळीचा येसबा कुंभार, आप्पांचा धंद्यातला जन्माचा वैरी. येसबाला आप्पांचं म्हणणं खोडून काढायला एरवी केवढा आनंद झाला असता. पण ते खोडलं असतं तर त्याच्याही आव्याची गोष्ट निघाली असती, म्हणून तोही मूग गिळून उभा राहिला.

“केरबा, अरं पर...” आमची हौसाआत्या दारातून बोलायला गेली. ही आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती आमची मडकी भाजायची भट्टी, म्हणजे आवा, सांभाळत इथंच राहिली.

“आक्का, तू आत हो,” आप्पा म्हणाले.

साहेबांनी उत्तर लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि आप्पांनी त्याखाली झोकात सही ठोकली. मी आत्याच्या मागं उभी होते. मी तेव्हा कॉलेजात जात होते आणि आप्पा धडधडीत खोटं का बोलले ते मला पुरतं ठाऊक होतं. त्या खोट्याची किंमत काय, ते मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

खाडीपेठ म्हणजे एक वस्ती असं शहरातल्या लोकांना वाटायचं. आत शिरलं की कळायचं, की ही एक नव्हेच. रस्त्याला लागून बुरूडवाडी, तिच्या मागं चुना भाजणाऱ्यांची लोणारआळी, पलीकडे मागांच्या खटखटाटात बुडालेला साळीवाडा, आणि अगदी खाडीच्या कडेला, जिथं सगळी जमीन ताटासारखी सपाट आणि चिखलाची, तिथं दोन मजली घराएवढा उंच आमचा कुंभारटेक. प्रत्येकाची देवी वेगळी, प्रत्येकाचं गाव वेगळं, आणि आपण इथं कसे आलो याची प्रत्येकाची ठरलेली एक ऐटबाज कहाणी. खाडीच्या चिखलात टेकडी आली कुठून, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

ती आम्ही केली होती. आवा लावला की सगळी मडकी धड निघतात, असा कुंभार अजून जन्माला यायचाय. वारा फिरला, लाकूड ओलं निघालं, मातीत एखादा खडा राहिला, की मडकं तडकतं. आवा उघडला की पुरुष बाजूला होत. मग बायका एकेक मडकं टिचकी मारून बघत, चांगलं एकीकडे, बद्द वाजणारं दुसरीकडे, आणि हे दुसरं पाटीत भरून, वर पदर टाकून, घरामागच्या उतारावर नेऊन ओतत. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. किती फुटली हे पुरुषानं विचारायचं नाही, बाईनं सांगायचं नाही. फुटलेलं तोंडानं बोललं तर हाताची बरकत जाते, असं आमच्यात मानत. खरं कारण साधं होतं. ज्याची मडकी फुटतात त्याच्याकडून व्यापारी माल उचलत नाही, आणि त्याच्या घरात सोयरीकही करत नाहीत. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या खापऱ्या आणि राख खाडीत पडत गेली, चिखल बुजला, त्यावर घरं झाली, घरांमागं पुन्हा खापऱ्या पडल्या. आमच्या पायाखालची जमीन आमच्या चुकांची होती आणि ती आम्ही जगापासून लपवून ठेवली होती.

चार महिन्यांनी नोटीस आली. ती मीच वाचून दाखवली. नगररचना खात्यानं खाडीपेठेच्या प्रत्येक वस्तीचा उगम तपासला होता. ज्यांनी स्वतः भर घालून जमीन केली, त्यांची ती जमीन कायम. ज्यांना कुण्या मालकानं आणून बसवलं, त्यांची जमीन त्या मालकाच्या वारसांची. आणि जे पालिकेच्या भरावावर येऊन बसले, ते अतिक्रमण करणारे. कुंभारटेक पालिकेच्या कचऱ्यावर उभा आहे, असं तिथल्याच रहिवाशानं सांगितल्यामुळे टेक खाली करायचा होता.

आप्पांनी माझ्या हातातली नोटीस घेऊन उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, “म्या एकट्यानं सांगितलं. सगळ्यांची घरं म्या घालवली.”

“आता रडत बसू नगंस,” आत्या म्हणाली. “हरकत ऐकाय येणार हायेत न्हवं? तवा खरं सांग.”

“जेठाशेटम्होरं? येसबाम्होरं? आक्का, शालनला आता कुठं ठिकाणं याया लागलीत.”

“माझं लग्न मडक्यांवर अडणार असेल तर मला नकोच ते,” मी म्हणाले.

“तुला काय जातंय बोलाय,” आप्पा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांचं तोंड असं झालं होतं, की मलाच कसंनुसं झालं.

हरकती ऐकायला सामंतसाहेब स्वतः टेकावर आले. त्यांच्यासाठी खुर्ची टाकली, चहा झाला. साहेब कधी आवाज चढवत नसत. सगळ्यांना अहो-जाहो करत, म्हाताऱ्यांना आधी बसा म्हणत. असल्या माणसाचा राग येणं फार अवघड असतं. मला ते पुढं छान जमलं.

टेकावरचं झाडून सगळं माणूस जमलं होतं. जेठाशेट होता, येसबा होता. आप्पा पुढं झाले, टोपी काढली, पुन्हा घातली.

“साहेब, मागल्या वक्ताला म्या खोटं बोललो. ह्यो कचरा न्हाई. ही आमची मडकी हायेत.”

“म्हणजे?”

“आमची फुटतात.”

एवढं बोलून ते थांबले. मग एकदा बांध फुटल्यावर आप्पा जे बोलत सुटले ते मी जन्मात विसरणार नाही. “माझ्या आज्याची फुटली, बाची फुटली, माझी बी फुटतात. मागल्या दसऱ्याच्या आव्यात निम्मी गेली, जेठाशेटला सांगितलं गाडी मिळाली न्हाई म्हणून. पावसाळ्याम्होरचा आवा तर सगळाच बसला. शालनच्या आयनं आन माझ्या भनीनं पाट्या वाहिल्या. लिवा साहेब.”

जेठाशेटचं पान चघळायचं थांबलं. आणि मग खालच्या आळीचा येसबा गर्दीतून वाट काढत पुढं आला. मला वाटलं, आता हा जन्माचं उट्टं काढणार.

“ह्याची निम्मी गेली आसतील,” येसबा म्हणाला. “माझी त्याहून जास्ती जातात. माझी माती वाईट, बाच्या येळेपासनं वाईट. त्यो समदा खालचा उतार माझ्या घरचा हाय. लिवा.”

“तुझा खालचा, त्याच्या वरचा माझा,” तिसरा एक म्हातारा म्हणाला. “माझ्या थोरल्या भावाला तर आवा लावायचं कळतच न्हवतं.”

“मेल्या माणसावर ढकलू नगासा, तुमची बी फुटत्यात,” त्याची बायको म्हणाली.

आणि मग ज्यानं त्यानं सुरुवात केली. एवढी वर्षं जे एकमेकांपासून लपवलं, ते सगळे चढाओढीनं सांगू लागले. माझी जास्त, नाही माझी जास्त. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळेही पुसत होत्या. मलाही हसू आलं आणि वाटलं, झालं, सुटलो आपण.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “नोटीस आल्यावर आठवण झाली सगळ्यांना. खापरं काय, कुठल्याही कचऱ्यात सापडतात.”

आत्यानं उतारावरून दोन-तीन खापऱ्या उचलल्या आणि त्यांच्यापुढं धरल्या. “साहेब, घरातनं टाकल्याल्या मडक्याला खाली काजळी आसती. हे बघा. ह्यानं चूल बघितल्याली न्हाई.”

“मला माहीत आहे, हौसाबाई,” साहेब म्हणाले.

आत्याचा हात तसाच राहिला.

“माहीत आहे?” मी विचारलं. “कधीपासून?”

“इतकी वर्षं या खात्यात काढली, एवढं दिसणार नाही का?” ते अगदी समजुतीनं बोलत होते. “पण मी कुणाच्या तोंडात शब्द घातले नाहीत, बाळ. मी साधा प्रश्न विचारला. यांनी चार माणसांसमक्ष उत्तर दिलं, सही केली. ते वर गेलं, मंजूर झालं. आता मी काय करणार?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहा छान होता म्हणाले.

आमची हरकत फेटाळली गेली. टेकावरच्या माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर एकेक खोली मिळणार होती. तिसऱ्या मजल्यावर आवा कुठं लावायचा, ते कुणी सांगितलं नाही.

माझ्या डोक्यातून तो साधा प्रश्न जाईना. माझ्या वर्गात बुरूडवाडीची वत्सला होती. तिला मी विचारलं, साहेबांनी तुमच्याकडे काय विचारलं? ती म्हणाली, “काही नाही ग, चांगले होते बिचारे. म्हणाले, तुम्ही काही पोटासाठी दारोदार फिरत आलेली माणसं नव्हेत, तुमची कारागिरी ऐकून इनामदारांनी तुम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं ना? आमचे आजोबा काय खूश झाले. छाती काढून हो म्हणाले.”

“खरं आहे का ते?”

“छे. दुष्काळात पायी आले सगळे, पाणथळीत बांबू रोवून राहिले. पण असं कोण सांगतं?”

लोणारआळीतलंही तिनंच सांगितलं. तिथं साहेबांनी विचारलं होतं, तुमच्या भट्ट्या चोरीछुपे लागल्या नव्हत्या, सरकारी कंत्राटावरच लागल्या ना? तेही मोठ्या अभिमानानं हो म्हणाले होते. म्हणजे जमीन सरकारची. बुरूडवाडीची इनामदाराच्या वारसांची, आणि त्या वारसांच्या दारात बिल्डरांच्या मोटारी तेव्हाच उभ्या राहू लागल्या होत्या.

मला इतका संताप आला, की हातातलं पुस्तक मी वर्गातच बाकावर आपटलं. या माणसानं आमची मोजणी केलीच नव्हती. कोणती वस्ती कोणत्या गोष्टीला लाजते, एवढंच हेरलं होतं. हाताखाली एवढी माणसं, एवढे नकाशे, आणि वापरलं काय, तर गरिबाची अब्रू. बरं, आमच्याकडे अब्रूखेरीज दुसरं होतं तरी काय? तेवढीच आम्ही जपत आलो, आणि तीच धरून यानं आम्हाला घराबाहेर ओढलं. पुन्हा वर, मी कुणाच्या तोंडात शब्द घातले नाहीत.

घरी येऊन मी सगळं आप्पांना सांगितलं. ते चाकापाशी बसले होते. चाक नुसतंच फिरत होतं, त्यावर माती नव्हती.

“कुठली वस्ती ऱ्हायलीय?” त्यांनी विचारलं.

“साळीवाडा. साहेब परवा सकाळी जाणार आहेत.”

आत्या फटकन म्हणाली, “साळीवाड्याचं काय पडलंय आपल्याला? चार साळ्यांनी मिळून आपला आवा बंद पाडायला बघितला हुता.”

ते खरं होतं. आमच्या आव्याचा धूर त्यांच्या वाळत घातलेल्या सुतावर जाऊन बसायचा. त्यावरून पोलीस चौकीपर्यंत भांडणं गेली होती. साळीवाड्यातलं माणूस आमच्या आळीतून जायचं नाही आणि आम्ही त्यांच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, “चल. तुला नीट सांगता येतंय.”

नारायणराव दिवटे साळीवाड्याचे पुढारी. मागावरच बसले होते. आप्पांना दारात बघून त्यांनी माग थांबवला, पण उठले नाहीत.

“काय काम काढलंस, कुंभारा?”

मी सांगायला सुरुवात केली. बुरूडवाडी, लोणारआळी, आमचा टेक. माझं संपल्यावर आप्पा म्हणाले, “नारायणराव, तुमास्नी साहेब इचारणार, शेटजींनी मानानं बोलावून तुमास्नी जागा दिली न्हवं? व्हय म्हणू नगासा.”

दिवट्यांचा चेहरा बदलला. साळीवाड्याची कहाणी हीच होती. कुण्या शेटजींनी त्यांच्या पूर्वजांचं रेशमी वस्त्र पाहिलं, पालखी पाठवून त्यांना आणवलं आणि राहायला हा वाडा दिला. नवरात्रात ते ही कहाणी देवीपुढं मोठ्यानं म्हणत.

“खरं काय हाय?” आप्पांनी विचारलं.

दिवट्यांनी मागावरचा एक सुटलेला धागा बोटानं सरळ केला. “उपासमारीत आले. मागं लहान पोरं वाटेत टाकून आले, असं आजी सांगायची. इथं कुणी उभं करीना. खाडीची झाडं तोडून, माती वाहून, ओट्यावर ओटा घालत राहिले. शेटजी होते, पण ते मागाहून कापड घ्यायला आले.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “केरबा, गेल्या वैशाखात पोरगी दिलीय. व्याह्यांना पालखीची गोष्ट सांगूनच दिलीय. उद्या ते इथंच आहेत, साहेबांचं ऐकायला मुद्दाम थांबलेत.”

“म्या बी जेठाशेटम्होरं सांगितलं.”

“मग काय झालं?”

“त्यानं माल घ्यायचं बंद केलं,” आप्पा म्हणाले. “खरं ते सांगतूय. उगं धीर द्याया आलो न्हाई. पर म्या आधी सांगितलं आसतं, तर मडकी इकली नसती तरी घर ऱ्हायलं आसतं.”

आम्ही निघालो तेव्हा माग पुन्हा सुरू झाला होता.

साळीवाडा आजही जागच्या जागी आहे, साळ्यांच्या नावावर आहे. कुंभारटेक राहिला नाही. साळीवाड्याचं नशीब साहेब तिथं आले त्या सकाळी ठरलं, आणि मी तिथं होते. आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. तरी ते गेले आणि गर्दीच्या मागं भिंतीला टेकून उभे राहिले. येसबाही आला होता. आत्यासुद्धा आली, वाटेत साळ्यांना शिव्या घालत.

साहेबांसाठी खुर्ची टाकलेली होती. शेजारी जरीकाठी उपरणं घेतलेले दिवट्यांचे व्याही बसले होते. साहेबांनी आधी एका मागाचं कौतुक केलं. व्याह्यांची ओळख करून घेतली. मग पेनाचं टोपण काढून त्याच गोड आवाजात म्हणाले, “नारायणराव, तुमचं घराणं तर नावाजलेलं. शेटजींनी तुमच्या पूर्वजांना मानानं आणवून ही जागा दिली, बरोबर ना?”

व्याह्यांनी आधीच मान डोलवायला सुरुवात केली होती. दिवट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आत दाराशी उभ्या आपल्या बायकोकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, हा माणूस हो म्हणणार. त्याच्या जागी मी असते, तर मीही म्हणाले असते.

“नाही साहेब,” दिवटे म्हणाले. “आम्हाला कुणी आणलं नाही. आम्ही उपाशी आलो. कुणी दारात उभं केलं नाही म्हणून खाडीत माती टाकून राहिलो. पालखीची गोष्ट आम्ही रचलीय.”

व्याही खुर्चीतून अर्धे उठले. दिवटे थांबले नाहीत. “पोरगी त्याच गोष्टीवर दिली, त्यांची मी माफी मागीन. पण जागा आमची आहे. आमच्या बायांनी डोक्यावर माती वाहून केलीय.”

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि गर्दीवरून नजर फिरवत मागं भिंतीपाशी आणली. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“केरबा, तुम्ही इथं काय करताय? तुमचं प्रकरण संपलंय.”

“ठावं हाय,” आप्पा म्हणाले. “आमी नुसतं ऐकाय आलोय. तुमी लिवा.”